खालचा कप्पा

साहेबांच्या आईला जीपमधून उतरवून आमच्या घरात आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळसर पडले होते, आणि तरीही त्या दारात थांबून चपला काढू बघत होत्या.

"असू द्या हो माई, तशाच आत या," आई म्हणाली.

त्यांना उत्तर देता येत नव्हतं. एका बाजूने सबनीस साहेबांनी आणि दुसऱ्या बाजूने आमच्या अप्पांनी धरून त्यांना माझ्या खाटेवर बसवलं. त्यांच्या छातीतून येणारी ती शीळ ऐकली आणि मी अंथरुणात उठून बसले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तो माझाच होता, फक्त मी कधी तो बाहेरून ऐकला नव्हता.

आईने कुणाला काही विचारलं नाही. कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून वाफेचं मशीन काढलं, औषधाची एक छोटी प्लास्टिकची कुपी मोडून त्यात रिकामी केली आणि मास्क माईंच्या तोंडावर धरला. मशीन घरघरायला लागलं. साहेब ओल्या रेनकोटातच भिंतीला टेकून उभे राहिले. अप्पा त्यांना पुन्हा पुन्हा म्हणत होते, "साहेब, बसा ना. खुर्ची घ्या साहेब." साहेबांचं लक्ष नव्हतं. ते आईच्या हाताकडे बघत होते.

थोड्या वेळाने माईंच्या ओठांवर रंग आला. त्यांनी मास्क जरासा बाजूला केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझी जागा घेतली का गं मी?"

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आम्ही गारदरी धरणाच्या वसाहतीत राहायचो. अप्पा, म्हणजे रमाकांत शेवाळे, तिथल्या कचेरीत कारकून होते. वसाहत म्हणजे पत्र्याच्या छपरांच्या दोन ओळी, टेकडीवर साहेबांचा बंगला, आणि कुलूप लावलेला एक दवाखाना. त्याचा डॉक्टर पावसाळ्यात यायचाच नाही. तालुक्याचं गाव घाटाच्या खाली. घाट चालू असेल तर जीपने दोन तास, आणि दरड आली तर गावच नाही असं समजायचं. त्या आठवड्यात दरड आलेली होती.

मला दमा होता. आदल्या वर्षी असाच त्रास उठला आणि मला घेऊन निघालेली जीप घाटात बंद पडली. आईने मला पाठीवर घेऊन बरीच वाट तुडवली, मग दुधाची गाडी मिळाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी मला सावरलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुमच्याकडे दवाखाना येणार नाही. तुम्हालाच घरात दवाखाना ठेवावा लागेल."

आईने ते शब्दशः घेतलं. लग्नात आलेलं लोखंडी कपाट तिने रिकामं केलं. साड्या ट्रंकेत गेल्या. मामाने मुंबईहून वाफेचं मशीन आणून दिलं. ऑक्सिजनचा लहान सिलिंडर एसटीच्या टपावरून आला. त्याची किल्ली कशी फिरवायची, काटा कसा वाचायचा, हे ती दुकानदाराकडून उभ्या उभ्या शिकून आली. वरच्या कप्प्यांत बँडेज, भाजल्यावर लावायचं मलम, तापाच्या गोळ्या, जुलाबावर पाण्यात घालायची पुडी असं सगळं. त्यावर अख्ख्या वसाहतीचा हक्क होता. कुणाचं बोट कापो, कुणाच्या पोराला ताप येवो, बाया सरळ आमच्या दारात. आई कुणाला परत पाठवायची नाही. फक्त खालचा कप्पा माझा. त्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की ती सिलिंडरचा काटा बघायची, आणि मगच चहा ठेवायची.

अप्पांना हे सगळं जरा हास्यास्पद वाटायचं. "आमच्या घरी औषधांचं दुकान आहे," असं ते कचेरीत सांगायचे. नाशिकला बदली मिळावी म्हणून त्यांचा अर्ज किती वर्षं पडून होता कुणास ठाऊक. आई रोज त्याचं विचारायची आणि अप्पा रोज म्हणायचे, "वशिल्याशिवाय काही हलत नाही."

तर त्या दिवशी माई माझ्या खाटेवर बसल्या होत्या. साहेबांचं कुटुंब पुण्याला असायचं. माई चार दिवस लेकाकडे म्हणून आल्या आणि दरडीमुळे अडकल्या. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. श्वास लागत असतानाही बोलायची भारी हौस.

"तुला रात्रीच होतं का दिवसाही होतं?" त्यांनी मला विचारलं.

"कधीपण होतं."

"मलापण. लोकांना वाटतं आपण नाटक करतो. वाटतं ना?"

मी मान हलवली. असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

"ही कुपी तिच्यातली ना?" त्यांनी आईला विचारलं. "किती राहिल्या?"

"पुरतील," आई म्हणाली.

माईंनी वाकून खालच्या कप्प्यात पाहिलं. तिथे काय होतं ते त्यांना दिसलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या लेकाला म्हणाल्या, "हे लेकराचं आहे, लक्षात ठेव."

साहेब दारात घुटमळले. "वहिनी, उपकार झाले. संध्याकाळी पुन्हा लागलं तर?"

"तर पुन्हा आणा. केव्हाही आणा. पण साहेब, एक सांगते. मशीन आणि सिलिंडर या घराबाहेर जायला नको. हिला केव्हा लागेल सांगता येत नाही."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

जीप गेली आणि अप्पा आईवर घसरले. "साहेबांना असं तोंडावर सांगतात? काय वाटलं असेल त्यांना?"

"काय वाटायचंय? बरोबर आहे म्हणाले की."

"ते मोठे आहेत म्हणून म्हणाले. तुला माणसं कळत नाहीत, शैला."

संध्याकाळी माईंना पुन्हा आणलं, पुन्हा वाफ दिली. या वेळी त्या आपल्या पायांनी चालत आल्या, आणि येताना माझ्यासाठी खडीसाखर घेऊन आल्या. आईने त्यांना गोळ्या लावून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या ड्रायव्हरने येऊन सांगितलं, माईंना रात्रभर छान झोप लागली, त्यांनी पेज मागून घेतली.

त्याच सकाळी आणखी एक निरोप आला. तालुक्याच्या औषधवाल्याने आईने कळवलेल्या कुप्या दरडीच्या पलीकडच्या बाजूपर्यंत पोचवल्या होत्या. माणसं चिखलातून पायी अलीकडे-पलीकडे करत होती. कुणीतरी जाऊन आणायला हवं होतं.

"मी जाते," आई म्हणाली.

"तू कशाला? एखाद्या गड्याला पाठवू," अप्पा म्हणाले.

"गड्याने भिजवून आणल्या तर? नाहीतर भलतंच काही उचलून आणलं तर? तुम्हाला आज सुट्टी आहे. तुम्ही हिच्याजवळ थांबा. मी दुपारच्या आत येते."

तिने साडी खोचली, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेतलं. मला म्हणाली, "बाहेर जाऊ नकोस. शेजारी अंजनाकाकूंची चूल ओल्या लाकडांची आहे, तिकडे तर नकोच. काही वाटलं तर अप्पांना लगेच सांग." मग कपाट उघडून काटा पाहिला, बंद केलं आणि गेली.

अप्पांनी दाढी केली. मला नवल वाटलं, कारण सुट्टीच्या दिवशी ते दाढी करत नसत. इस्त्रीचा शर्ट घातला. मग त्यांनी कपाट उघडलं, वाफेचं मशीन आईच्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, कुप्यांचा डबा पिशवीत टाकला आणि सिलिंडर खांद्यावर घेतला.

"अप्पा, कुठे नेताय?"

"साहेबांनी मागवलंय. माईंना पुन्हा त्रास होतोय."

"पण आई म्हणाली होती..."

"आई म्हणाली होती ते आईपाशी. मी तासाभरात येतो. तू पडून राहा, पुस्तक वाच."

ते बाहेर पडले. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

मी पुस्तक घेतलं. पाऊस थांबून एक कुंद, गिळगिळीत हवा पडली होती, आणि अंजनाकाकूंच्या चुलीचा धूर पत्र्याखालून सरपटल्यासारखा आमच्या खोलीत येत होता. मी खिडकी लावली. मग घशात ते खाजवायला लागलं. ते आधी खाजवतं. मग छातीवर कुणीतरी मांडी घालून बसतं. मी उठून उशीवर ओणवी बसले, आईने शिकवलं होतं तशी. एक, दोन, सावकाश. मग सावकाश जमेना.

मी कपाटाकडे गेले. का गेले माहीत नाही. तिथे काही नाही हे मला ठाऊक होतं. खालचा कप्पा रिकामा होता आणि सिलिंडरच्या बुडाचा गोल डाग तेवढा दिसत होता. मी त्या कप्प्यासमोर जमिनीवर बसले. दाराशी जावं असं वाटलं पण दार फार लांब होतं. हाक मारायला श्वास लागतो, आणि माझ्याकडे तेवढाच नव्हता. हाताला एक ताट लागलं. मी ते फरशीवर आपटायला लागले. आपटायचं, थांबायचं, पुन्हा आपटायचं. मग हात उचलेना.

अंजनाकाकूंनी कडी काढली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला नाही, नुसती साडीची किनार दिसली. "अगं बाई! शेवाळे कुठे गेले? मशीन कुठे गं?" त्या ओरडत होत्या. मला बंगल्याकडे बोट दाखवता आलं एवढंच. त्यांनी मला कमरेवर घेतलं आणि धावत सुटल्या. चढाच्या खालच्या वळणावर आई भेटली. गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात औषधाचं पुडकं पोटाशी धरलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. पुडकं काकूंच्या हातात दिलं, मला पाठीवर घेतलं आणि चढ चढली. तिची पाठ माझ्या गालाला लागत होती. ती पळताना मोठमोठ्याने श्वास घेत होती, आणि मला वाटत होतं, हिच्याकडे किती आहे.

बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर अप्पा बसले होते. समोर टीपॉयवर चहाचा रिकामा कप. शेजारी सिलिंडर उभा, आणि मशीन टॉवेलमध्ये गुंडाळलेलं होतं तसंच.

"अगं, काय झालं?" ते उठून उभे राहिले.

आईने त्यांना खांद्याने बाजूला केलं. मला त्याच खुर्चीत बसवलं. मशीन सोडलं, कुपी मोडली, बटण दाबलं. सिलिंडरची किल्ली फिरवताना तिचे हात चिखलाने निसटत होते. तिने ते साडीला पुसले आणि पुन्हा फिरवली. अप्पा जवळ उभे राहून म्हणत होते, "अगं, सकाळी चांगली होती. चांगली होती गं."

आतल्या दारात माई आल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "हे काय?" त्या म्हणाल्या. "हे सगळं इथे कसं आलं?"

"माई, तुम्ही आत जा, वारा आहे," अप्पा घाईने म्हणाले आणि त्यांना आत घेऊन गेले.

मला हे ऐकू आलं होतं. आईला नाही. आई माझ्या तोंडावर मास्क धरून माझ्या बरगड्यांकडे बघत होती.

मी वाचले. पण लगेच नाही. संध्याकाळ होईपर्यंत आईने मला त्या व्हरांड्यातून हलवलं नाही, आणि आणलेल्या पुडक्यातल्या बऱ्याच कुप्या संपल्या. साहेब नुकतेच जेवून धरणाच्या दरवाजांवर परत गेले होते, ते रात्रीपर्यंत आलेच नाहीत. रात्री घरी आल्यावर आईने अप्पांना एकच प्रश्न विचारला.

"का नेलंत?"

"साहेबांनी मागवलं. माणूस पाठवला होता. नाही कसं म्हणू?"

"मशीन तर सोडलंसुद्धा नव्हतं."

"जवळ असू दे म्हणाले. रात्री-बेरात्री लागलं तर असावं म्हणून."

"लागत नसताना?" आई म्हणाली. "लागत नसताना माझ्या पोरीच्या तोंडचं मागवून घेतलं?"

अप्पांनी मान खाली घातली.

चार दिवसांनी रस्ता मोकळा झाला आणि माई पुण्याला गेल्या. जाताना आमच्या दारावरून जीप गेली तेव्हा त्यांनी हात केला. आईने दार लावून घेतलं. दिवाळीला साहेबांच्या घरून मिठाईचा पुडा आला, तो तिने तसाच उचलून अंजनाकाकूंना देऊन टाकला. पुढे वर्षाच्या आत अप्पांची नाशिकला बदली झाली. आम्हाला घर मिळालं ते मोठ्या इस्पितळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कोरडी हवा, चांगले डॉक्टर. वय वाढलं तसा माझा दमा कमी होत गेला. कॉलेजात असताना तर मी विसरून जायचे की मला दमा आहे.

आई विसरली नाही. ती त्या दिवसानंतर मला घरात सोडून कुठे गेली नाही. लग्नकार्य नाही, जत्रा नाही. येवल्याला तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मामाचे निरोपावर निरोप आले. माझी दहावीची परीक्षा चालू होती. "हिचं होऊ दे, मग येते," असं आई प्रत्येक वेळी कळवायची. अप्पा म्हणाले, "जा की, मी आहे ना इथे." ती म्हणाली, "तुम्ही आहात, पण कुणी मागायला आलं तर तुम्हाला नाही म्हणता येत नाही." रागाने नाही म्हणाली, एखाद्याच्या तब्येतीबद्दल बोलावं तसं. तिच्या लेखी अप्पा दुबळे होते, वाईट नव्हते. दुबळ्या माणसाला तिने केव्हाच माफ करून टाकलं होतं. परीक्षा संपली आणि ती येवल्याला पोचली तेव्हा आजीला स्मशानात नेऊन परतलेली माणसं अंगणात बसली होती.

माफ केलं नव्हतं ते दोघांना. एक सबनीस साहेबांना. त्यांचं नाव निघालं की ती बोटं मोडायची. आणि दुसरं स्वतःला. "मी गेलेच कशाला?" हे ती भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मध्येच केव्हाही म्हणायची. कुणाला उद्देशून नाही.

अप्पा निवृत्त झाले तेव्हा हॉल घेऊन मोठा समारंभ केला कचेरीने. मी नोकरीतून रजा काढून आले होते. प्रमुख पाहुणे म्हणून सबनीस साहेब येणार हे आईला आदल्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "मी पहिल्या रांगेत बसणार नाही." मग अप्पांनी गयावया केली म्हणून बसली. मांडीवर सत्काराचा नारळ घेऊन, स्टेजकडे न बघता.

साहेब आता पार म्हातारे झाले होते. माईकसमोर आले, चष्मा पुसला आणि कागद न घेता बोलायला लागले.

"शेवाळेंच्या फायलींबद्दल सगळे बोलले. मी एकच प्रसंग सांगतो. आम्ही गारदरीला होतो. दरड कोसळून रस्ता बंद. माझी आई दम्याने कासावीस. शेवाळे वहिनींनी तिला त्यांच्या लेकीचं औषध देऊन वाचवलं. बरं, हे झालं पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो, तर शेवाळे माझ्या व्हरांड्यात बसलेले. शेजारी सिलिंडर, मशीन, सगळं घेऊन. मी म्हटलं, अहो, हे काय? मी मागवलं नव्हतं. मागवणारच नव्हतो. आईने मला बजावून ठेवलं होतं, त्या पोरीच्या औषधाला हात लावायचा नाही म्हणून. शिवाय त्या दिवशी आईला बरं होतं, ती आत झोपली होती. पण हा माणूस मला म्हणाला, 'साहेब, तुमची आई ती माझी आई. असू द्या इथे.' घरात स्वतःची आजारी मुलगी असताना! मी तेव्हाच ठरवलं, असा माणूस या डोंगरात खितपत पडता कामा नये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या काहींनी उभं राहून वाजवल्या. स्टेजवर अप्पांनी रुमाल काढून डोळे टिपले. ते खरंच गहिवरले होते. ते नाटक नव्हतं.

आई माझ्याकडे झुकली. "काय म्हणाले ते?"

"कशाबद्दल?"

"मागवलं नव्हतं म्हणाले?"

"हो."

"तसंच म्हणाले ना? मला नीट ऐकू आलं ना?"

"हो, आई."

ती पुन्हा सरळ बसली. फोटो काढताना तिला स्टेजवर बोलावलं तेव्हा गेली, अप्पांशेजारी उभी राहिली. साहेबांनी तिला हात जोडून नमस्कार केला. तिने नुसतं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होती.

घरी आल्यावर अप्पा सोफ्यावर बसले. शाल अजून खांद्यावर होती. "साहेबांनी किती लक्षात ठेवलं बघ," ते म्हणाले.

आई समोर उभी राहिली. "तुम्ही मला सांगितलंत साहेबांनी मागवलं म्हणून. माणूस पाठवला म्हणालात."

"किती जुनी गोष्ट आहे ती."

"कोण आला होता? नाव सांगा त्याचं."

अप्पांनी शाल काढून बाजूला ठेवली. "माझा अर्ज किती वर्षं पडून होता? पोरीला दवाखान्याजवळ नेऊ, नेऊ, म्हणून रोज कोण मागे लागलं होतं? तूच ना? मग कुणीतरी काहीतरी करायला नको होतं? तुझ्या कपाटाने बदली मिळणार होती का? साहेब घरी येतील, बघतील, एवढंच माझ्या मनात होतं. तासाभराचा प्रश्न होता. त्यांना यायला उशीर झाला, मग आल्यावर लगेच उठून कसं यायचं?"

"बाहेरून कडी लावून गेलात."

"ती बाहेर भटकू नये म्हणून लावली. तिच्या भल्यासाठीच."

"ती मेली असती."

"मेली नाही ना?"

ते चिडून म्हणाले नाहीत. एखादं प्रकरण निकाली काढावं तसं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तूच सांग वृषाली. नाशिकला आल्यावर तुझा दमा कमी झाला की नाही?"

झाला होता. ते मला नाकारता येत नव्हतं.

"झाला," मी म्हटलं.

"मग?" अप्पा म्हणाले. आणि कपडे बदलायला आत गेले.

आई तिथेच उभी होती. मी तिला हाताला धरून बसवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई माझी वाट बघत होती गं. येवल्याला. मला वाटलं, माझ्या हातून चूक झाली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पेपर वाचत होते. आईने माझ्याकडे साहेबांचा नंबर मागितला. मी तो निमंत्रणपत्रिकेवरच्या फोनवर विचारून घेतला आणि लावून दिला, आणि ती तिथेच, बाहेरच्या खोलीत, अप्पांच्या समोर बोलायला लागली.

"साहेब, मी शैला शेवाळे बोलतेय. तुमची माफी मागायची होती."

पलीकडून साहेबांचा मोठा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "माफी? कसली हो वहिनी?"

"तुमच्याबद्दल मी मनात फार वाईट धरून होते. इतकी वर्षं. तुमची मिठाई खाल्ली नाही कधी. माई जाताना हात करत होत्या, तर दार लावून घेतलं मी."

"अहो, काय बोलताय? कशाबद्दल?"

"ते राहू द्या. माई आहेत का?"

"आई जाऊन खूप वर्षं झाली. तुमच्या मुलीचं शेवटपर्यंत विचारायची. ती पोर कशी आहे म्हणायची."

आईने पदर तोंडाला लावला. अप्पांचा पेपर त्यांच्या तोंडासमोर तसाच उभा होता, पान उलटत नव्हतं.

"बरी आहे," आई म्हणाली. "पोर बरी आहे."

"असायचीच. वहिनी, तुम्ही नशीबवान आहात. शेवाळेंसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं."

आई अप्पांकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.